काउंट गावात पडतो

केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एक घोषणा झाली: येत्या तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं, त्यातली २०० पहिल्याच वर्षी. तेव्हापासून आम्हा डॉक्टरांच्या बैठकांत आणि बाहेरही एक वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, जिथे सोनोग्राफीचा डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो तिथे किमो देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. मुलाला कर्करोग आहे ना, मग सरळ ‘टाटा’ला पाठवा. दुसरी बाजू म्हणते, ग्रामीण भागावर अन्याय पुरे झाला, प्रत्येक जिल्ह्याला सगळ्या यंत्रांसकट कर्करोग रुग्णालय हवं. दोघांच्याही बोलण्यात इमारतच असते, एकाच्या मुंबईतली आणि दुसऱ्याच्या जिल्ह्यातली. मानेला गाठ आलेलं मूल, त्याचे आईबाप वर्षातले कुठले महिने कुठे असतात, दोन डोसांच्या मध्ये ते मूल कुठे झोपतं, याबद्दल मी अजून कुणालाही बोलताना ऐकलेलं नाही.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी वीसेक वर्षं मुलांचा डॉक्टर आहे. मुलांच्या लिम्फोमापुरतं, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कर्करोगापुरतं, माझं मत स्पष्ट आहे. हा उपचार पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच छताखाली व्हायला हवा, हा दोन्ही बाजूंचा आग्रहच मुलं मारतो. निदानासाठी गाठीच्या तुकड्याने प्रवास करावा, मुलाला फिरवू नये. सुरुवातीचे, जोखमीचे डोस मोठ्या केंद्रात द्यावेत. बाकीचे त्याच केंद्राने लिहून दिल्याप्रमाणे, त्याच मापाने, जिल्ह्याच्या गावी. आणि दोन डोसांच्या मध्ये येणारा ताप तालुक्याच्या दवाखान्याने तासाभरात सांभाळावा. हे शेवटचं काम सगळ्यांत स्वस्त आहे, आणि माझ्या अनुभवात मुलं तिथेच जास्त जातात.

आधी आजाराबद्दल थोडं. मुलांत लिम्फोमाचे ठळक असे तीन प्रकार दिसतात आणि तिन्हींची चाल वेगळी असते. हॉजकिन सावकाश वाढतो; मानेला गाठ घेऊन मूल महिनोन्‌महिने शाळेत जात राहतं. बर्किट याच्या उलट. त्याची गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते; सोमवारी पोट दुखतं म्हणून आणलेलं मूल पुढच्या सोमवारी ओळखू येत नाही. तिसरा टी-लिम्फोब्लास्टिक, छातीच्या मधोमध वाढणारा. उताणं झोपलं की मुलाला दम लागतो, म्हणून ते उशा रचून बसल्या बसल्या झोपतं, आणि कितीदा तरी दमा समजून त्याला स्टेरॉइड दिलं जातं. स्टेरॉइडने गाठ ओसरते, आठ-दहा दिवस बरं वाटतं आणि निदानाचा पुरावाच पुसला जातो. हे तिन्ही आजार बरे होतात. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त वाचतात, हॉजकिनमध्ये तर त्याहूनही अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या कितीतरी देशांत हाच आकडा ३० टक्क्यांच्या खाली आहे. औषधं तर तीच आहेत: डॉक्सोरुबिसिन, व्हिनब्लास्टिन, डकार्बाझिन, सायक्लोफॉस्फामाइड. सगळी जुनी, पेटंट कधीच संपलेली, आपल्याच कारखान्यांत तयार होणारी. मग ८० आणि ३० यांच्या मधली मुलं जातात कुठे?

बरीचशी गंडमाळेत जातात. मानेच्या गाठींना आपल्याकडचं हे जुनं नाव, आजीपासून वैदूपर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेलं. याला अडाणीपणा म्हणून कुणी हिणवू नये, कारण आपल्याकडे मुलांच्या मानेतल्या न ओसरणाऱ्या गाठी खरोखरच पुष्कळदा क्षयाच्या असतात. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन ही क्षयाची लक्षणं म्हणून आम्ही पाठ करतो, आणि हॉजकिनचीही नेमकी हीच लक्षणं आहेत. सुईने काढलेल्या नमुन्यात हॉजकिनच्या मोजक्या पेशी सापडल्या तर सापडल्या. क्षयाची गाठसुद्धा औषधं चालू झाल्यावर आधी थोडी वाढू शकते, म्हणून डॉक्टर थांबतो, आणि थांबता थांबता ऋतू बदलतो. खरं तर अशा वेळी अख्खी गाठ काढून तपासायला पाठवायला हवी. ते काम तालुक्याचा सर्जन अर्ध्या तासात करू शकतो. काढलेली गाठ तिच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये टाकायची असते; पण घाईत हाताशी येते ती सलाईनची बाटली, आणि सलाईनमधला तुकडा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत खराब होतो. बाटलीवरचं नाव शाईने लिहिलं तर ओल लागून फरकटतं, शिसपेन्सिलीने लिहावं लागतं. बारीक गोष्टी आहेत या, पण यातली एक चुकली की दोन महिने गेलेच.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी दहा वर्षांच्या एका मुलाला मी स्वतः चार महिने क्षयाची औषधं दिली. आईबाप ऊसतोडीला जाणारे. गाठ उतरेना तेव्हा काढायला लावली. पहिला तुकडा सलाईनमध्ये पडून वाया गेला, मग पुन्हा भूल, पुन्हा चीर. निदान झालं हॉजकिन. बापाने विचारलं, ‘साहेब, बरा होतो का यातून?’ मी म्हणालो, होतो. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात त्याच्यावर अगदी योग्य उपचार सुरू झाले, किमोच्या दोन सायकली, म्हणजे ठरलेल्या फेऱ्या, पार पडल्या, मानेवरच्या गाठी हाताला लागेनाशा झाल्या. तोवर हंगाम लागला होता. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली होती, म्हणून पुढची तारीख लक्षात ठेवून ती दोघं पोराला बरोबर घेऊन फडावर गेली. डोसानंतर नवव्या दिवशी रात्री कोपीत त्याला ताप भरला. जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन आणि तापाच्या गोळ्या मिळाल्या. बापाने फाइल पुढे केली, तेव्हा तिथला डॉक्टर म्हणाला, हे आमचं काम नाही, मुंबईला न्या. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पोर गेलं. बापाने मला फोन केला. तो रडत नव्हता. एवढंच म्हणाला, ‘गाठ तर गेली होती की हो, साहेब.’

त्याचं म्हणणं खरं होतं. पोराचा जीव लिम्फोमाने घेतला नाही. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. वॉर्डातल्या आया याला ‘काउंट पडला’ म्हणतात. त्या दिवसांतला ताप हा नेहमीचा ताप समजायचा नसतो. तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं, जंतू ओळखणाऱ्या कल्चरच्या रिपोर्टची वाट न बघता. त्यासाठी लागणारी औषधं जिल्ह्याला असतात, तालुक्याला ठेवता येतात. म्हणजे किमो मुंबईत लागते, पण काउंट गावात पडतो, फडावर पडतो, एसटीत पडतो. ‘सगळं मुंबईलाच’ म्हणणाऱ्यांना वाटतं की आपण सुरक्षित वाट धरली. पण किमोची जोखीम आजही गावात येतेच आहे. ती ओळखणारं माणूस तेवढं गावात नाही. मग ‘गावात जोखीम आणायची का’ हा प्रश्न उरतोच कुठे?

तरीही त्यांचा मुद्दा पोकळ नाही. किमोची औषधं विष आहेत, आणि चूक माफ करत नाहीत. व्हिन्क्रिस्टिन हे औषध शिरेतून द्यायचं असतं. मेथोट्रेक्सेट काही वेळा पाठीच्या मणक्यातून देतात. दोन्ही सिरिंजा एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवल्या आणि व्हिन्क्रिस्टिन चुकून मणक्यातून गेलं, तर ते मूल बहुतेक वाचत नाही. जगातल्या नामांकित रुग्णालयांत असं घडलेलं आहे. शिवाय आकड्यांचा प्रश्न आहे. एखाद्या जिल्ह्यात वर्षाला मुलांचे लिम्फोमा साधारण दहाएक. एवढ्या कामावर कुणाचा हात बसेल? बर्किटमध्ये तर पहिल्या डोसाने गाठ इतक्या झपाट्याने विरघळते की मेलेल्या पेशींतलं पोटॅशियम आणि युरिक आम्ल रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पडतात, आणि दर काही तासांनी रक्त तपासणारी प्रयोगशाळा लागते. हे सगळं मला मान्य आहे. मान्य आहे म्हणूनच मी बर्किटच्या मुलाला जिल्ह्यात ठेवा असं म्हणत नाही. पण त्याला तसंच रुग्णवाहिकेत टाकण्याऐवजी आधी सलाईन आणि युरिक आम्ल आवरणारं अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू करून, पोटॅशियम बघून, पुढच्या डॉक्टरशी फोनवर बोलून पाठवा, एवढं तर म्हणू शकतो ना?

व्हिन्क्रिस्टिनच्या चुकीला उत्तर आहे, आणि ते मोठ्या इमारतीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये इशारा काढून सांगितलं की हे औषध सिरिंजमध्ये भरूच नका, सलाईनच्या छोट्या पिशवीत मिसळून द्या. पिशवी मणक्याला जोडण्याची चूक होत नाही. त्याच्या पुढे जाऊन जिल्हा केंद्राचा नियम असा असावा की मणक्यातलं कोणतंही इंजेक्शन इथे दिलंच जाणार नाही. ते काम मोठ्या केंद्राचं. दहाच मुलं असतात या आक्षेपालाही उत्तर आहे. डे-केअरमध्ये त्याच परिचारिका स्तनाच्या, आतड्याच्या, अंडाशयाच्या कर्करोगाच्या शेकडो मोठ्या माणसांना हीच औषधं देणार आहेत. त्यांचा हात तिथे बसतो. मुलाचा डोस वजन-उंचीवरून मोजून मोठ्या केंद्राने पाठवायचा, दोघींनी वाचून ताडायचा, मग लावायचा. हॉजकिनची रूढ किमो पंधरा-पंधरा दिवसांनी, काही तासांत लागते. त्यासाठी आईने दर पंधरवड्याला पाचशे किलोमीटर यावं आणि पाचशे किलोमीटर जावं, याला वैद्यकीय कारण काय?

असला वाद आपण याआधी एकदा घातलेला आहे. क्षयरोग्याला सॅनेटोरियमशिवाय गती नाही, हे एके काळी वैद्यकाचं ठाम मत होतं. शुद्ध हवा, सकस आहार, पडून राहणं. मिरजेजवळ वानलेसवाडीला उभं राहिलं तसं आरोग्यधाम ज्याला मिळेल तो वाचेल, बाकीच्यांनी खाटेची वाट बघावी. १९५६ मध्ये मद्रासला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून हे मत तपासायला घेतलं. १९३ गरीब रुग्णांची यदृच्छेने दोन गटांत वाटणी केली: एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी, औषधं दोघांना तीच. घरच्यांचा आहार निकृष्ट होता, खोल्या कोंदट होत्या, विश्रांती कमी होती. १९५९ मध्ये निकाल छापून आला. वर्षअखेरीला दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले होते, आणि घरी राहिलेल्या रुग्णांमुळे घरातल्यांना जास्त लागण झाली नव्हती. त्या निकालानंतर जगभरातली सॅनेटोरियमं ओस पडत गेली. मात्र हे उदाहरण देणारे पुष्कळ जण त्यातला अर्धा भाग गाळतात. मद्रासमध्ये औषध घरी पाठवून कुणी हात झटकले नव्हते. कार्यकर्ते न सांगता घरी जात, गोळ्या मोजत, औषध घेतलं का ते बघायला लघवी तपासत. रुग्ण घरी होता, पण जबाबदारी केंद्राचीच होती.

आपल्या महाराष्ट्रातच गडचिरोलीत याची पुढची पायरी दिसली. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग रुग्णालयातच बरा करावा, असं पाठ्यपुस्तक सांगत होतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायांना शिकवलं, त्यांच्या हातात जेंटामायसिन या अँटिबायोटिकची सिरिंज दिली. त्या वेळीही ‘जिवाशी खेळ’ हा शब्द वापरला गेलाच असणार. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. अर्थात जेंटामायसिन म्हणजे किमो नव्हे, हे मला कळतं. गावातल्या बाईने किमो द्यावी असं मी म्हणतच नाही. पण किमो चालू असलेल्या मुलाला ताप आला की पहिलं अँटिबायोटिक ग्रामीण रुग्णालयातल्या एमबीबीएस डॉक्टरने द्यायला हरकत कसली?

माझ्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा मात्र वेगळा आहे आणि तो परळमधूनच येतो. टाटा रुग्णालयात २००९ च्या सुमारास दर पाच मुलांमागे जवळपास एकाचे उपचार नाकारले किंवा अर्धवट सोडले जात. मग ‘इम्पॅक्ट’ या उपक्रमातून मदत, समुपदेशन आणि न आलेल्यांचा पाठपुरावा सुरू झाला. सेंट ज्यूडसारख्या संस्थांनी मुलासकट आईबापांना राहायला खोली आणि शिधा दिला. काही वर्षांत ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास उतरलं. हे फार मोठं काम आहे. लोक अडाणी आहेत म्हणून उपचार सोडतात, हा समज त्याने कायमचा खोटा ठरवला. मग कुणी विचारेल, मुंबईत आणखी खोल्या बांधल्या की झालं, जिल्ह्याचा खटाटोप कशाला?

कारण खोली मूल आणि आई सांभाळते, घर सांभाळत नाही. हॉजकिनच्या सहा सायकली म्हणजे सुमारे सहा महिने, म्हणजे एक अख्खा गाळप हंगाम. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई मुंबईला राहिली की कोयता मोडला. प्रत्येक खाड्याचे पैसे कापले जातात, उचल फिटत नाही, ती पुढच्या वर्षीच्या उचलीवर चढते. घरी धाकटी दोन असतात, त्यांच्यासाठी थोरलीची शाळा सुटते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत औषधांचा खर्च आता बराचसा भागतो. मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेली, सगळ्या रंगांच्या रेशनकार्डांना तिच्यात घेतलं, हे चांगलंच झालं. रेल्वेत कर्करुग्णाला तिकिटात सवलत आहे. पण खाडा कोणत्याच योजनेत बसत नाही. शिवाय टाटातला तो आकडा तिथे जाऊन पोचलेल्या मुलांचा आहे. जी ‘मुंबईला न्या’ ही चिठ्ठी खिशात घालून आमच्या फाटकातून गेली आणि कुठेच पोचली नाहीत, ती त्या आकड्यात नाहीत. त्यांची नोंद कुठेच नाही.

आता दुटप्पीपणाचा आरोप. शहरातल्या मुलाला तज्ज्ञ आणि गावातल्याला डे-केअर, ही गरिबांसाठी दुय्यम सोय नव्हे का? हा आरोप माझे काही जवळचे मित्र करतात, आणि त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण लिम्फोमाचा इतिहास पाहिला तर दारिद्र्यातलं वैद्यक म्हणजे दुय्यम वैद्यक, हे समीकरण टिकत नाही. डेनिस बर्किट कंपालाच्या मुलागो रुग्णालयातला सर्जन. जबड्याला प्रचंड गाठी आलेली मुलं त्याने बघितली आणि १९५८ मध्ये त्यावर लिहिलं. १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह एका जुन्या मोटारीतून सुमारे १६ हजार किलोमीटर फिरून, दवाखान्यादवाखान्यांत फोटो दाखवत, हा आजार कुठल्या पट्ट्यात होतो ते शोधलं. युगांडात रेडिएशनचं यंत्र नव्हतं. सर्जरीने एवढी गाठ निघत नव्हती. उरली फक्त औषधं, म्हणून त्याने ती दिली, बहुतेकांना एक-दोन डोसच. गाठी वितळल्या, आणि काही मुलं कायमची बरी झाली. नुसत्या औषधाने कर्करोग बरा होऊ शकतो, याचे पहिल्या काही पुराव्यांतले पुरावे त्या वॉर्डातून आले. १९६७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तिथे येऊन केंद्र काढलं. पुढे इदी अमीनच्या काळात परदेशी डॉक्टर निघून गेले, तेव्हा चार्ल्स ओल्वेनी या युगांडाच्याच डॉक्टरने ते केंद्र जिवंत ठेवलं.

मलावीतल्या ब्लँटायरची गोष्ट अधिक अवघड आहे. तिथल्या डॉक्टरांनी बर्किटसाठी युरोपातली जहाल पद्धत थोडी जुळवून वापरली, तर औषधांच्या दुष्परिणामांचा भार वॉर्डाला पेलवेना. मग सायक्लोफॉस्फामाइडवर बेतलेली साधी पद्धत घेतली, ५० डॉलरपेक्षाही कमी औषधखर्चाची, आणि जवळपास निम्मी मुलं वाचू लागली. युरोपात दहातली नऊ वाचतात. हे अंतर मला सलतं, आणि कुणी ते ‘गरिबांसाठी पुरेसं’ म्हणून स्वीकारायला सांगितलं तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन. पण त्या डॉक्टरांनी काय करायला हवं होतं? डोस किती जहाल द्यायचा हे मुलाच्या जातीवर वा खिशावर ठरत नाही. काउंट पडल्यावर त्याला सांभाळण्याची आपली किती तयारी आहे त्यावर ठरतं. तयारी वाढली की डोस वाढवता येतो. आपल्याकडेही १९८० च्या दशकात टाटा, मद्रासची अड्यारची कर्करोग संस्था आणि दिल्लीचं एम्स यांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर आपल्या परिस्थितीला पेलतील अशा पद्धती बसवल्या. रक्ताच्या कर्करोगासाठी एमसीपी-८४१, नॉन-हॉजकिन लिम्फोमासाठी ८४२. त्यांना कुणी दुय्यम म्हटलं नाही. शिवाय माझी मागणी तेवढीही नाही. मी वेगळा डोस मागत नाही, तोच डोस घराजवळ मागतो.

मेळघाटात आजही बाळं न्यूमोनियाने आणि कुपोषणाने जातात, मग वर्षाला दहा लिम्फोमांसाठी एवढी ताकद कशाला, असं विचारणाऱ्यांना मी झटकून टाकू शकत नाही. पैसा मोजकाच असेल तर आधी लस, आधी पोषण, हे मीही म्हणेन. पण मी मागतो आहे ती यादी बघा: फॉर्मॅलिनची बाटली, गाठ काढणारा सर्जन, मायक्रोस्कोपवर बसणारा पॅथॉलॉजिस्ट, रात्री उघडी असणारी रक्तपेढी, तासाभरात मिळणारं अँटिबायोटिक, मुलाचं वजन नीट मोजणारी परिचारिका. यातली कुठली गोष्ट फक्त लिम्फोमाच्या कामाची आहे? न्यूमोनियाच्या बाळाला, सिकलसेलच्या मुलीला, बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला हेच तर लागतं. शिवाय मोठ्यांचे कितीतरी कर्करोग तंबाखू सोडून टळतात. मुलांचा लिम्फोमा टाळण्याचा तसा उपाय नाही. वेळेवर ओळखून बरा करणं एवढंच हाती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुलं वाचवण्याचं उद्दिष्ट ठेवलं, तेव्हा लक्ष द्यायच्या सहा आजारांत हॉजकिन आणि बर्किट दोन्ही घेतले, कारण ते बरे होतात. आपली शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांची तपासणी करणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही योजना २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाली. तिच्या मूळ तीस अवस्थांच्या यादीत दात किडणं आहे, कानातला पू आहे; कर्करोग नाही. तपासणीचं पथक मुलाचं तोंड उघडून बघतं. मान चाचपायला अजून अर्धा मिनिट लागेल.

जिल्ह्याजिल्ह्यात मोठं रुग्णालय मागणाऱ्यांशी माझं भांडण थोडक्यात आहे. ग्रामीण भागात उत्तम काम होऊ शकतं हे बार्शीने केव्हाच दाखवलं. १९८२ पासून तिथे कर्करोग रुग्णालय आहे, देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथली, आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवरचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास तिथल्याच माणसांनी टाटाच्या आणि फ्रान्समधल्या संस्थेच्या साथीने केला. पण बार्शी चाललं ते वर्षानुवर्षं गावात राहिलेल्या माणसांमुळे. नुसत्या कोनशिलांनी पदं भरत नाहीत.

माझ्या मनातून न जाणारी गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. त्या पोराची गाठ क्षयाची आहे असं मी समजत होतो, त्या चार महिन्यांत सरकारला त्याचं नाव माहीत होतं. क्षयरुग्णांच्या सरकारी नि-क्षय पोर्टलवर त्याची नोंद होती. आशाताई घरी जाऊन गोळ्या घेतल्या का ते बघत होती. पोषणाचे महिन्याला ५०० रुपये खात्यात येत होते. आता ते १००० झाले आहेत. एक डोस चुकला तर फोन यायचा. निदान बदललं, तेव्हा मी त्याचं नाव तिथून काढलं, आणि त्या दिवसापासून त्याला फोन करणारं आमच्या जिल्ह्यात कुणी उरलं नाही. आजार जास्त घातक निघाला म्हणून माणसं कमी व्हावीत, हे कुठल्या तर्कात बसतं? यंत्रणा नाही असं म्हणायला जागाच नाही. माणसं तीच आहेत, रजिस्टर तेच आहे. त्यात एक रकाना वाढवायचा आहे, आणि तारखेला न आलेल्या मुलाच्या घरी त्याच संध्याकाळी फोन करणारी एक परिचारिका प्रत्येक जिल्ह्यात नेमायची आहे.

तोवर मी माझ्यापुरतं एक करतो. किमो चालू असलेल्या प्रत्येक मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर एक गुलाबी कागद चिकटवतो. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: या मुलाला किमो चालू आहे. ताप १००.४ च्या वर गेला तर कारण शोधत बसू नका, शिरेतून हे अँटिबायोटिक, वजनाप्रमाणे एवढं, आत्ता द्या, मग मला किंवा खालच्या नंबरवर फोन करा. गुदद्वारातून ताप मोजू नका. स्नायूत इंजेक्शन देऊ नका. मजकूर मराठीत आणि इंग्रजीत आहे. आमची माणसं बेळगावकडच्या कारखान्यांवरही जातात म्हणून गेल्या वर्षी एका शिक्षकाकडून तो कन्नडमध्येही करून घेतला. यंदा तो कागद घेऊन एक नऊ वर्षांची मुलगी आईबापांबरोबर सीमेपलीकडे गेली आहे. तिची तिसरी सायकल जिल्ह्याच्या गावीच लागली. आज तिचा आठवा दिवस आहे.